दोन पोटांची होडी

तिनागबास बेट
७ मार्च १९९९

तियो अनिसेतो,

तुमची लेक रोझवी बरी आहे, तुमची आई, माझी लोला, बरी आहे आणि तरीही हे पत्र वाईट बातमीचं आहे. आधीच सांगून टाकलं, म्हणजे पहिल्या दोन ओळींतच तुमचा जीव खालीवर व्हायला नको.

बातमी होडीची आहे. तुम्ही बोटींच्या कारखान्यात कामाला काओश्युंगला गेल्यानंतर इथलं रिसॉर्ट बंद पडलं आणि पाहुण्यांना फिरवणारी त्यांची जुनी कॅटमरान आमच्या पालकसंघाला मिळाली. दोन लांब फायबरच्या होड्या, मध्ये लाकडी तुळया. बेटावर तिला सगळे 'दोन पोटांची' म्हणतात. हायस्कूल खाडीपलीकडे आणि आपल्या बांबूच्या पंखांच्या लाकडी होड्या जूनच्या वाऱ्यात खाडी ओलांडत नाहीत, म्हणून आपली पोरं सहावीनंतर घरी बसायची. ही होडी मोठी, बसकी, उलटत नाही. तिच्यात पोरांना बसवा म्हणून मी घरोघरी भांडले. या घरातली पहिली पदवीधर आणि बेटावरच्या शाळेची मास्तरीण मी, त्यामुळे लोकांनी ऐकलं. आता तेच लोक माझ्याकडे बघतात.

डाव्या पोटाला केसासारख्या भेगा होत्याच. आता आतल्या आडव्या फळीजवळ बोट जाईल एवढी चीर पडली आहे. लाट आली की ती बाजू बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखी आतबाहेर होते, टुक-टुक वाजते. परवा घरी येताना पोरं दप्तरं डोक्यावर धरून बसली होती आणि मी पदवीदानाला घेतलेल्या चपलेनं पाणी उपसत होते.

संघानं ठरवलंय, दुरुस्ती होईपर्यंत एकही पोर चढणार नाही. होड्या बांधणाऱ्या आपल्या नोंग देल्फीनला विचारलं. तो म्हणाला, "लाकूड असतं तर रडत-रडत का होईना, नीट केलं असतं. फायबर म्हणजे काच, आणि काच मी फक्त बाटलीतलीच ओळखतो."

आता खरी गोष्ट. रोझवी या महिन्यात सहावी पूर्ण करेल. तिची मावशी, तिया पुरिता, येऊन गेली. म्हणाली, "माझ्या मेलेल्या बहिणीची पोर आहे, तिचं भलं मलाही कळतं. होडी असेल तर शाळा. नसेल तर मनिलात एका घरी बाळ सांभाळायला मुलगी हवी आहे, मेअखेर मी घेऊन जाते." रोझवी तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही तिनं.

तुम्ही इतकी वर्षं फायबरचं काम करता. मला सांगा, मी करते.

तुमची भाची,
मिराफ्लोर

*

काओश्युंग
१९ मार्च

इंदाय,

पत्र मिळालं, पोरी. आमच्या खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. चपलेपाशी सगळे हसले, पुढे कुणी हसलं नाही.

मला येता येत नाही. करार डिसेंबरपर्यंतचा आहे आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तेव्हा माझे हात इथे आणि तुझे तिथे, असंच करू.

पहिलं म्हणजे, तू भेगेला रोग समजते आहेस. रोग ते टुक-टुक आहे. जुनं फायबर रोज वाकून-वाकून थकतं. नुसती भेग बुजवलीस तर ते शेजारी फुटेल. म्हणून दोन कामं: फुटलेलं भरायचं आणि आतून बरगड्या घालून पोट ताठ करायचं.

होडी वर ओढून सावलीत वाळव. चिरेभोवतालचं मेलेलं सगळं ग्राइंडरनं काढ. कडा एकदम उभी नको, बशीसारखी उतरती हवी. मग काचेच्या कापडाचे तुकडे, आधी लहान, त्यावर मोठा, त्यावर त्याहून मोठा, रेझिनमध्ये, त्या कडक होणाऱ्या चिकट रसात, भिजवून बसव. बुडबुडा राहू देऊ नकोस. आतल्या बाजूला वाळलेला बांबू चिरून उभ्या पट्ट्या ठेव आणि त्यांवर कापड चढव. बांबू फक्त आकाराला, ताकद वरच्या काचेची. पट्टीची टोकं निमुळती कर. बरगडी एकदम संपली तर पुढची चीर तिथेच पडते. बांबूऐवजी मासळीच्या पेटीचा थर्माकोल वापरू नकोस, रेझिनमध्ये साखरेसारखा विरघळतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: चकाकीवर काही चिकटत नाही. सगळीकडे पॉलिशपेपर मार. हाताला मांजराच्या जिभेसारखं लागलं पाहिजे. मग ॲसिटोननं पुसून घे.

नाकाला फडकं बांध. माझ्या हातांना त्या ॲसिटोननं भेगा पडल्यात, भात कालवताना डोळ्यात पाणी येतं. नानायला, माझ्या आईला, हे वाचून दाखवू नकोस. वाचलंसच ना? तू तर आधी मोठ्यानं वाचतेस आणि मग कळतं.

रोझवीला सांग, तिचा बाप म्हणाला, दप्तर तयार ठेव.

अनिसेतो

*

तिनागबास
९ एप्रिल

तियो,

कशी सुरुवात करू कळत नाही. सगळं निघून आलं.

तुम्ही लिहिलंत तसं, शब्दाला शब्द धरून केलं. (थर्माकोलचं तुमचं वाक्य नोंग देल्फीनपर्यंत दोन दिवस उशिरा पोचलं. त्यानं चाचणीला एक पट्टी ठेवली होती. ती डोळ्यांदेखत विरघळून बसत गेली तेव्हा त्यानं क्रूसाची खूण केली.) मी स्वतः घासलं. रोझवीनं घासलं. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी दुपारपर्यंत सगळं मांजराच्या जिभेसारखं करून ॲसिटोननं पुसून झालं. शुक्रवारी, गुड फ्रायडेला, अर्थातच कुणी हातोडीलाही हात लावला नाही. लोलानं चुलीवर तिचं औषधी तेल उकळलं. शनिवारी दरवर्षीसारख्या सगळ्या होड्या, सगळे गुडघे आणि सगळी पोरं तिच्या हाताखालून गेली. सोमवारी आम्ही रेझिन कालवलं. बायकांनी कापड कापलं, मी ब्रशनं भिजवलं. किती सुंदर दिसत होतं, तियो! ओल्या काचेतून बांबू मधासारखा दिसत होता. मी मनात म्हणाले, हेच ते शिक्षण.

आज नोंग देल्फीननं कडेला सुरीचं टोक घातलं आणि रोझवीनं सहज कोपरा ओढला. अख्खी चादर केळीच्या पानासारखी सुटली. बरगड्याही. पाठीमागून आरशासारखी गुळगुळीत.

कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाईंनी चटई चांगली विणलीय, बाजारचौकात विकू या." मी हसले. नंतर शाळेच्या मागे जाऊन बसले.

लोला आली होती. तिनं एक तुकडा उचलला, तोंडाजवळ नेऊन बघितला आणि घरी निघून गेली. तिचंही मन मोडलं असणार.

निम्मं रेझिन गेलं. उरलेल्यात एकदाच होईल. काय चुकलं ते सांगा. लवकर सांगा.

मिराफ्लोर

*

काओश्युंग
२० एप्रिल

मिराफ्लोर,

काय चुकलं? घासलं नाहीत. दुसरं कारण नसतं. पाठ आरशासारखी निघाली म्हणजे खाली आरसा होता. फोटोत बरं दिसावं म्हणून वरवर पेपर फिरवला असणार. तुम्ही शिकलेली माणसं कागदावर काम संपवता.

इथे नवी पोरं येतात, ती हेच करतात आणि मग म्हणतात, "दादा, मी घासलं होतं." मी त्यांना जे सांगतो तेच तुला सांगतो: खोटं बोलणाऱ्याला समुद्र बोटीतूनच बाहेर काढतो.

माझी मुलगी त्या होडीत बसणार आहे. हे तू विसरलीस की काय?

अनिसेतो

*

तिनागबास
१ मे

तियो अनिसेतो,

माझ्या बोटांची कातडी गेली आहे. हे मी तुम्हाला लिहिणार नव्हते. मी खोटं बोलले नाही. रोझवी साक्षीला आहे, पण तिच्यावर तरी तुमचा विश्वास आहे का?

मग मी ठरवलं की रेझिनच शिळं होतं. खाडीपलीकडे एस्तान्सियाला गेले आणि दुकानदार बेर्तोला गिऱ्हाइकांसमोर चोर म्हटलं. त्यानं आमच्याच डब्यातलं रेझिन कपात घेतलं, त्यात ते कडक करणारा हार्डनर घातला आणि कप माझ्यासमोर ठेवला. आम्ही दोघं बघत बसलो. दगड झाला. "घेऊन जा मॅडम," तो म्हणाला, "कागदांवर ठेवायला होईल." मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

आता मला काहीच कळत नाही. होडी आडवी पडली आहे, पोट उघडं. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला हात लावून हळहळतो. संघातले काही जण म्हणतात, तुळया काढून लाकडाला विकू.

घरातही बरं नाही. लोलानं लोकांचं अंग चोळायचं बंद केलंय. पोर घेऊन आलेल्या बाईला परवा दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, "हात दुखतात. दुसरीकडे जा." दुसरीकडे कुठे? बेटावर चोळणारी ती एकटीच. जेवतही नाही नीट. मला वाटतं ती रोझवीच्या जाण्याचं मनाला लावून घेतेय.

नांग ग्लोरिनाचा मुलगा सोमवारी तुमच्याच शहरात कामाला येतोय. त्याच्याबरोबर लोलानं तेलाची मोठी बाटली दिलीय, तुमच्या हातांसाठी. (हो, मी मोठ्यानं वाचलं होतं.) घरातलं होतं नव्हतं ते सगळं तिनं त्या बाटलीत ओतलं. मी म्हटलं, थोडं राहू दे. तर म्हणाली, "एक थेंबही नको. सगळं त्याला जाऊ दे."

तिया पुरिता मेच्या शेवटच्या आठवड्यात येईल. शनिवारी मनिलाचं जहाज. रोझवीनं काल नव्या गणवेशाची घडी घालून माझ्या खोलीत ठेवली. म्हणाली, "नांग, तुमच्या वर्गात कुणाला होईल."

मला तुमचा राग आला आहे. तरीही उत्तर द्या.

मिराफ्लोर

*

काओश्युंग
१२ मे

इंदाय, बाळ,

हे पत्र उभ्यानं लिहितोय. एक्स्प्रेसनं टाकणार आहे.

बाटली पोचली. झाकण उघडलं तर खोलीतल्या सगळ्यांना आपापलं घर आठवलं. मी हातांना भरपूर चोळलं. सकाळी कामावर जाताना पुन्हा चोळलं, भेगा मऊ वाटत होत्या. हातमोजे टोचतात म्हणून घातले नाहीत. एका बोटीच्या आत बरगड्या चढवायचं काम होतं. घासलेल्या जागी हात टेकवून आत वाकलो, मोजमाप घेतलं, मग कापड बसवलं.

काल फोरमन लिननं तपासणी केली. ठोकून बघतो तो. एका जागी आवाज पोकळ आला. तिथलं कापड सोलून काढलं तर खाली पंजा होता. पाच बोटं आणि तळवा. बाकी सगळीकडे घट्ट, फक्त तेवढ्या पंजापुरतं काही धरलं नव्हतं. लिननं माझा हात धरला, स्वतःच्या नाकाला लावला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असा ओरडला. त्याची भाषा मला आता कळते, पण तेव्हा मी ऐकतच नव्हतो. मी तिनागबासला होतो.

शनिवार, इंदाय. 'सगळ्या होड्या.' तू मला लिहिलं होतंस. मी वाचलं होतं आणि मनात म्हणालो होतो, बरं झालं, तेल लागलं. लाकडाच्या होडीला त्यानं बरंच वाटतं. जन्मल्यापासून बघतोय, म्हणून दिसलंच नाही. तुलाही नाही. तुम्ही गुरुवारी पुसलंत आणि शनिवारी नानायनं तिची जखम समजून तिला चोळलं. घासलेल्या काचेत ते उकाड्यानं आत जिरलं. पुसायचं ते कापड बसवायच्या आधी, त्याच तासाला, हे मी लिहायला हवं होतं.

तुला खोटारडी म्हणालो. ते पत्र चुलीत घाल.

आता ऐक. आधी घासू नकोस, तेल आणखी आत जाईल. ॲसिटोनच्या फडक्यानं पुस, एकाच दिशेनं, आणि ते फडकं फेकून दे. नवं घे. पुन्हा पुस. मग पाणी शिंपड. पाण्याचे मणी झाले तर तेल आहे. पाणी सपाट पसरून तसंच राहिलं तर गेलं. मणी दिसेनासे होईपर्यंत थांबू नकोस. मग सुकव, घास, पुन्हा पुस आणि लगेच कापड चढव. मधल्या वेळात कुणाचाही उघडा हात लागता कामा नये. आपल्या लोकांना होडी दिसली की हात लावल्याशिवाय राहवत नाही.

आणि एक कर. नानायला सांगू नकोस. माझा बाप गेला, मी लांब, तिच्याजवळ ते तेल आणि तिचे हात, तेवढंच आहे. सांग की रेझिन शिळं होतं. बेर्तोची माफी मी आल्यावर मागेन.

अनिसेतो

*

तिनागबास
२६ मे

तियो,

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ लोलाच्या चुलीकडे बघत बसले. या वेळी मोठ्यानं वाचलं नाही.

पण शिळ्या रेझिनची गोष्ट माझ्या तोंडून निघत नाही. बेर्तोवर एकदा खोटा आळ घेतला, पुन्हा घेऊ? आणि लोलालाही खोटं सांगू? पोरांना मी वर्गात काय शिकवते मग? तुम्ही म्हणाल, शिकलेली माणसं. म्हणा. मी काहीच सांगितलेलं नाही, ना खरं ना खोटं. तेही जड जातंय.

पहिल्यांदा पुसून पाणी मारलं, सगळे मणी. दुसऱ्यांदा, मणी. घरातल्या जुन्या चादरी फाडल्या. शाळेचा जुना झेंडा कपाटात होता, त्यालाही हात गेला होता, पण नोंग देल्फीननं आपला सदरा काढून दिला. "हा घे, देशापेक्षा मळका आहे." ॲसिटोन संपलं. बेर्तोकडे कोणत्या तोंडानं जायचं? गेले. माफी मागितली, दुकानात होते तेवढ्या सगळ्यांसमोर. त्यानं डबा पुढे सरकवला आणि म्हणाला, "कागदांवर ठेवलात का तो दगड?" ठेवलाय, म्हटलं. तो हसला. मी नाही हसू शकले.

आज सकाळी एका टोकाला पाणी पसरून राहिलं. चिरेजवळ अजून मणी आहेत.

एक विचित्र गोष्ट. कालपासून लोला स्टूल टाकून होडीजवळ बसली आहे, हातात काठी. कुणी जवळ आलं की ओरडते, "हात मागे! तिला हात लावायचा नाही!" पाद्री आले होते, त्यांनाही. ते म्हणाले, "मी आशीर्वाद देतोय, लोला." ती म्हणाली, "लांबून द्या." मी तिला काही बोलले नाही. रोझवीला विचारलं, तिनंही नाही. कुठून कळलं तिला?

तिया पुरिता आली आहे. वाईट बाई नाही ती. रोझवीसाठी नवे सँडल आणलेत, मापाचे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. म्हणते, "शनिवारी सकाळी मी त्या होडीत स्वतः बसेन. पाय ओले झाले तर पोरगी जहाजावर, आणि तुझं काही ऐकणार नाही."

रेझिन एकदाच पुरेल. उद्या चढवतो. कडक व्हायला शनिवार सकाळपर्यंतच वेळ आहे. मला भीती वाटते, तियो. बीएड करताना कुणी सांगितलं नव्हतं की एका मुलीची शाळा पाणी पसरतं की थेंब होतो यावर ठरेल.

मिराफ्लोर

*

तिनागबास
१३ जून

तोतो,

हात तुझ्या रोझवीचा आहे, बोलणं तुझ्या आईचं आहे. मिराफ्लोरला लिहायला सांगितलं असतं तर तिनं सुधारून लिहिलं असतं.

मेअखेरच्या त्या शनिवारी देल्फीननं सुरी घातली. सुरीचं टोक मोडलं. तो मोडकी सुरी सगळ्या बेटाला दाखवत फिरला, जणू मासाच मारलाय. मग होडी पाण्यात घातली आणि पुरिता डाव्या पोटात बसली, मांडीवर रोझवीची पिशवी. खाडीच्या तोंडाशी लाटा होत्या त्या दिवशी. मी किनाऱ्यावर उभी होते. परत आल्यावर ती सँडल काढून तळवे बघत बसली. कोरडे होते. म्हणाली, "वाजली नाही." मग पिशवी रोझवीच्या हातात दिली आणि एकटीच जहाजाला गेली. सँडल ठेवून गेली.

आता माझं ऐक. ती चादर निघाली त्या दिवशी मी तिचा तुकडा नाकाशी धरला होता. माझ्याच चुलीचा वास आला. पोरं म्हणाली रेझिन वाईट, तू म्हणालास इंदायनं घासलं नाही, आणि मी गप्प. मला तोंड नव्हतं, तोतो. सगळ्या बेटाला माझ्या हातानं बरं वाटतं आणि त्याच हातानं मी नातीची शाळा बुडवली, हे कसं बोलू? पुन्हा कुणाला हात लावायची भीती बसली. तुला बाटली धाडली ती तुझ्या भेगांसाठी, हे खरंच. पण ती बेटावरून जावी म्हणूनही धाडली. तर तिकडे जाऊन तिनं तुझी नोकरी धोक्यात घातली. लिनला सांग, म्हातारीनं माफी मागितलीय.

त्याच शनिवारी संध्याकाळी मी इंदायला सगळं सांगितलं. ती रडली आणि तुझं पत्र काढून वाचून दाखवलं. तुम्ही दोघं माझ्यापासून लपवत होता, मी तुमच्यापासून. एका घरचे तिघं आणि तिघंही गप्प. तुझा बाप असता तर म्हणाला असता, मासे तरी बरे.

उजवं पोट अजून वाजतं. त्याचं रेझिन पुढच्या महिन्यात येईल म्हणतात. तोवर वारा असला की होडी निघत नाही, आणि निघाली की इंदाय रोज त्याच बाजूला बसते. पोरांना दुसरीकडे बसवते. मला ते दिसत नाही, असं तिला वाटतं.

उरलेलं तेल टाकू नकोस. काम सुटल्यावर हातांना लाव, कामाआधी नको. डिसेंबरात राहिलं तर घेऊन ये. लाकडाच्या होड्यांचा काही गुन्हा नाही.

शाळा सुरू झाली त्या सोमवारी पोरांच्या आया किनाऱ्यावर आल्या. म्हणाल्या, लोला, तेल? म्हटलं, या होडीला नाही. पोरांना तरी? पोरांना कुठून देणार, घरात थेंब नाही आणि गुड फ्रायडेशिवाय ते होत नाही. पोरं तशीच सगळी चढली. रोझवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, डोकं वाकवून, दरवर्षीसारखी. मी तसाच कोरडा हात ठेवला तिच्या डोक्यावर. नुसता हात. तिला त्याचं काही लागलं असेल असं मला वाटत नाही.

(हात लागला, ताताय. हे मी, तुमची रोझवी, माझं लिहितेय, लोलाला वाचून दाखवणार नाही. मग दाखवीन.)

तुझी नानाय